'रिपीट'ची गोष्ट : जयकरांच्या मस्कतपासून अल शिफापर्यंत

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'रिपीट' लिहिलेलं आपण सगळ्यांनीच पाहिलंय. त्याचं मूळ लॅटिन 'रेपेटाटुर', म्हणजे 'पुन्हा द्यावे'. आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यात कंपाउंडर तेवढ्या एका शब्दावर तेच लाल मिक्स्चर बाटलीत भरायचा आणि वर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचा. माझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्याला हा शब्द म्हणजे निव्वळ 'पॉइंटर' वाटतो. स्वतःजवळ काही नाही, फक्त जुन्या नोंदीकडे बोट! नोंदच हरवली तर? ओमानमध्ये ही नोंद कोणी ठेवली ते शोधायला बसलो, तर सुरुवातीलाच आपलाच माणूस भेटला.

डॉ. आत्माराम सदाशिव जयकर (१८४४–१९११). इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर, मस्कतच्या ब्रिटिश एजन्सीचे सर्जन. दोन दशकांहून अधिक काळ हे गृहस्थ इथल्या उन्हात राहिले. (तेव्हा एसी नव्हता, हे आपण विसरतो.) १८७६-७७ च्या सरकारी अहवालात त्यांनी मस्कतची 'मेडिकल टोपोग्राफी' लिहिली. ओमानी बोलीवर निबंध लिहिला, इथल्या म्हणी गोळा केल्या. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यावरून इथल्या डोंगरातल्या रानबकऱ्याला, म्हणजे अरेबियन ताहरला, १८९४ साली 'जयकरी' हे नाव मिळालं. एक पालही 'जयकरी', एक सापही, एक समुद्रघोडाही! माणूस नोंदी ठेवणारा होता, एवढं नक्की.

पुढे अमेरिकन मिशनचे डॉक्टर आले. शॅरन थॉम्स १९०९ मध्ये मस्कतला आले आणि १९१३ मध्ये टेलिफोनची तार टाकताना खांबावरून पडून गेले. त्यांचा मुलगा वेल्स थॉम्स १९३९ पासून १९७० पर्यंत मत्रहच्या मिशन हॉस्पिटलात राबला. त्या काळात देशात डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता. निजवाच्या पेशंटला तेच औषध पुन्हा हवं असेल, तर उंटावरून किंवा गाढवावरून पुन्हा यायचं, नाहीतर सोडून द्यायचं. मला वाटतं, रोज घ्यायच्या गोळीचा इतिहास हा आधी रस्त्यांचा इतिहास आहे.

१९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले, आरोग्य मंत्रालय निघालं, गावोगावी आरोग्य केंद्रं झाली. मग आमच्या धंद्यातली गोष्ट आली : 'अल शिफा'. मंत्रालयाच्याच लोकांनी घरच्या घरी बांधलेली ही प्रणाली. पेशंटच्या आधीच्या तपासण्या आणि चालू औषधं डॉक्टरांना पडद्यावर दिसतात. २०१० मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कारही मिळाला. इतकी वर्षं सॉफ्टवेअर विकून सांगतो, सरकारी खात्याने स्वतः बांधलेली आणि टिकलेली प्रणाली फार कमी वेळा पाहायला मिळते.

पण ही सोय मुख्यतः ओमानी नागरिकांसाठी. आपण बहुतेक खासगी क्लिनिकवाले. कंपनी बदलली की विमा बदलतो, विमा बदलला की क्लिनिक बदलतं, आणि फाईल शून्यापासून सुरू. मी नोकरी बदलली तेव्हा बायकोला थायरॉइडच्या त्याच गोळीसाठी रक्ततपासणीपासून पुन्हा सगळं करावं लागलं.

आणि भेटीला आलेल्या आईवडिलांची तर इथे फाईलच नसते. तीन महिन्यांच्या गोळ्या बॅगेत, बस्स. मार्च २०२० मध्ये विमानं बंद झाली तेव्हा माझी आई इथेच होती. मे महिन्यात 'वंदे भारत'ची विमानं सुरू झाली, पण तिचा नंबर लागायला जून उजाडला. गोळ्या एप्रिलमध्येच संपत आल्या. फार्मसीतला मल्याळी मुलगा रिकामी स्ट्रिप बघून म्हणाला, "भाईसाब, हा ब्रँड इथे येत नाही, आतल्या औषधाचं नाव सांगा."

रात्री भिंग घेऊन स्ट्रिपमागची बारीक अक्षरं वाचली : मेटफॉर्मिन ५००, अम्लोडिपिन ५. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये नवी चिठ्ठी करून घेतली. आता हीच नावं, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि कधीपासून, असा एक कागद आईच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये असतो. डोस बदलला की ती जुनी ओळ खोडत नाही, खाली तारीख टाकून नवी लिहिते.