क्रियापदांची गर्दी

जन्मभर व्याकरण शिकवल्यामुळे मला संगणकाच्या खेळांतही क्रियापदंच दिसतात. लुकासफिल्मच्या १९८७ च्या 'मॅनियॅक मॅन्शन'मध्ये पडद्याच्या तळाशी १५ आज्ञा होत्या. त्यांत 'उघड' वेगळं, 'कुलूप काढ' वेगळं, शिवाय 'वापर' होतंच. मग किल्ली हातात आल्यावर निवडायचं काय? 'हे काय आहे?' हीसुद्धा एक आज्ञाच! पुढे माउस वस्तूवर नेताच तिचं नाव दिसू लागलं आणि ती गळली. १९९१ च्या 'मंकी आयलंड २'मध्ये ९ आज्ञा उरल्या. १९९३ च्या 'सॅम अँड मॅक्स'मध्ये शब्द जाऊन चित्रं आली. ढकलणं, ओढणं, उघडणं एका हाताच्या चित्रात मावलं. गोंधळ मिटला खरा. पण ढकलायचं की ओढायचं, हे आता खेळणाऱ्याला ठरवावंच लागत नाही. समानार्थी शब्द गाळावेत, विरुद्धार्थी कसे गाळायचे? तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.