एकाच युद्धाने थांबवलेले दोन उत्सव: क्योटोच्या आओई आणि गिओनची कथा

१/
जपानमधील क्योटो नगरीचे तीन मोठे उत्सव प्रसिद्ध आहेत. १५ मे रोजी आओई, जुलै महिनाभर गिओन आणि २२ ऑक्टोबरला जिदाई. त्यांपैकी आओई आणि गिओन यांची परंपरा हजार वर्षांहून जुनी. १४६७ मध्ये पेटलेल्या एकाच युद्धामुळे या दोन्ही उत्सवांत खंड पडला. गिओन ३३ वर्षांनी परतला; आओईला सुमारे दोन शतके लागली. एकाच नगरात असा फरक का पडावा? #थ्रेड

२/
प्रथम आओई. सहाव्या शतकात सम्राट किनमेई यांच्या काळी वादळांनी पिके बुडाली, तेव्हा कामो देवतांच्या शांतीसाठी हा उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते. ७९४ मध्ये राजधानी क्योटोत आली आणि तो दरबाराचा उत्सव झाला. सम्राटाचा दूत, बैलांचे रथ, आओई वनस्पतीच्या हृदयाकृती पानांनी सजलेले सरदार. त्या काळी नुसते 'मात्सुरी', म्हणजे 'उत्सव', म्हटले तरी आओईच समजला जाई. 'गेन्जी मोनोगातारी'त ही मिरवणूक पाहताना रथांच्या जागेवरून झालेले भांडण प्रसिद्ध आहे.

३/
गिओनचा जन्म भीतीतून झाला. ८६९ मध्ये रोगराई पसरली. अन्यायाने मेलेल्यांचे संतप्त आत्मे साथ आणतात, अशी त्या काळची श्रद्धा होती. परंपरेनुसार राजवाड्याजवळच्या शिनसेन-एन उद्यानात, देशाच्या ६६ प्रांतांसाठी एकेक याप्रमाणे ६६ होको, म्हणजे लांब दांड्याची शस्त्रे, उभारली गेली आणि रोगनिवारणासाठी देवाला साकडे घालण्यात आले. पुढे दहाव्या शतकात हा विधी दरवर्षी होऊ लागला.

४/
'गिओन' हे नाव मूळ भारतातले. श्रावस्तीच्या ज्या जेतवनात गौतम बुद्धांनी अनेक वर्षावास केले, त्या विहाराला चिनी-जपानी परंपरेत 'गिओन शोजा' म्हणतात. साथीचा देव गोझू तेन्नो, म्हणजे बैलाचे मस्तक असलेला देव, हा जेतवनाचा रक्षक मानला गेला आणि त्याच्या क्योटोतील देवस्थानास गिओन हे नाव पडले. १८६८ मध्ये मेइजी शासनाने शिंतो आणि बौद्ध उपासना सक्तीने वेगळ्या केल्या, तेव्हा त्याचे नाव बदलून 'यासाका' झाले. उत्सवाचे नाव मात्र गिओनच राहिले.

५/
चौदाव्या शतकापर्यंत उत्सवाचे रूप पालटले होते. हाती धरायच्या शस्त्रांच्या जागी चाकांवरचे उत्तुंग रथ आले. त्यांनाही 'होको'च म्हणत. सोबत 'यामा' नावाचे देखावे असत. त्यांचे मालक देवस्थान नव्हते आणि दरबारही नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरे मिळून झालेली आळी, म्हणजे 'चो', आपला रथ स्वतः उभारी. विणकर, व्यापारी, सावकार यांची ही वस्ती होती.

६/
१४६७ मध्ये शोगुनपदाच्या वारसावरून होसोकावा आणि यामाना या घराण्यांत ओनिन युद्ध पेटले. अकरा वर्षे लढाई राजधानीच्या रस्त्यांवरच चालली. देवळे, वाडे, आळ्या बेचिराख झाल्या. पश्चिम फौजेची छावणी जिथे होती, तिथे पुढे विणकरांची वस्ती झाली आणि तिला 'निशिजिन', म्हणजे पश्चिम छावणी, हे नाव कायमचे चिकटले. रेशमी वस्त्रांसाठी निशिजिन आजही ओळखले जाते.

७/
१५०० साल या कथेचा कणा आहे. त्या वर्षी गिओनची मिरवणूक पुन्हा निघाली. युद्धापूर्वी साठाच्या आसपास असलेले रथ आता ३६ होते. पण ते रस्त्यावर आले. त्याच वर्षी सम्राट गो-त्सुचिमिकादो वारले आणि पैशाअभावी त्यांचे अंत्यविधी सुमारे चाळीस दिवस रखडले. त्यांच्या वारसाला विधिवत राज्यारोहणासाठी १५२१ पर्यंत थांबावे लागले. जो दरबार स्वतःच्या सम्राटाला अग्नी देऊ शकत नव्हता, तो आओईची मिरवणूक कशी काढणार?

८/
गिओन शोगुनशाहीलाही हवा होता, हे खरे. पण लाकूड, दोर, वस्त्रे आणि माणसे आळ्यांनी जमवली. कोणाचा रथ पुढे, या वादावर तोडगा म्हणून त्याच वर्षी चिठ्ठ्या टाकण्याची प्रथा पडली. ती आजही चालते. १५३३ मध्ये शोगुनशाहीने देवस्थानाचा विधी थांबवला, तेव्हा ६६ आळ्यांचे प्रतिनिधी देवस्थानात गेले. देवकार्य नसले तरी आमचे रथ निघू द्या, अशा अर्थाची त्यांची मागणी नोंदलेली आहे.

९/
आओईची मिरवणूक परतली ती १६९४ मध्ये, तोकुगावा शोगुनशाहीच्या साहाय्याने. १८६९ मध्ये सम्राट टोकियोला गेले आणि लगेच तिच्यात पुन्हा खंड पडला; ती १८८४ मध्ये सुरू झाली. एका आश्रयदात्यावर टिकलेला उत्सव त्या आश्रयदात्याचे भाग्यच भोगतो. गिओनच्या आळ्याही गरीब होत, जळत. पण त्या सगळ्या एकाच वेळी संपत नसत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तर रथ नसलेल्या शेजारच्या आळ्यांकडूनही वर्गणी घेण्याची व्यवस्था झाली.

१०/
या आळ्यांची श्रीमंती रथांच्या अंगावर दिसते. 'निवातोरी होको'वर सोळाव्या शतकातील युरोपीय विणकामाचा पडदा आहे. त्यावर 'इलियड'मधील प्रसंग आहे. चीन, इराण आणि भारताचे गालिचेही आहेत. त्यांतील काही सतराव्या शतकातील गालिचे अभ्यासक दख्खनचे मानतात. जपानची दारे परदेशीयांना जवळपास बंद असताना डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे नागासाकीला असा माल उतरवीत. दख्खनच्या मागावरचा गालिचा क्योटोच्या रथाची झूल झाला.

११/
आगींनी या वारशाची वारंवार परीक्षा घेतली. १७०८, १७८८ आणि १८६४ मध्ये शहर होरपळले. १८६४ च्या आगीत जळालेला जहाजाच्या आकाराचा 'ओफुने होको' १५० वर्षांनी, २०१४ मध्ये, मिरवणुकीत परतला. १८२६ च्या वादळी पावसात बिघडलेला 'ताकायामा' तर १९६ वर्षांनी, २०२२ मध्ये आला. मधल्या काळात त्या आळ्यांनी वाचलेल्या वस्तू जपल्या आणि रथ नसतानाही त्यांची पूजा-मांडणी चालू ठेवली.

१२/
तिसरा उत्सव, जिदाई, हा राजधानीपण गमावल्यानंतरचा. १८९५ मध्ये राजधानीच्या स्थापनेस ११०० वर्षे झाली, तेव्हा हेइआन देवस्थान उभारून तो सुरू करण्यात आला. त्यात मेइजी काळापासून मागे मागे आठव्या शतकापर्यंतचे वेष घातलेले लोक चालतात. मिरवणुकीची जबाबदारी शहराच्या वस्त्यांमधील नागरिकांचे संघ वाटून घेतात. सम्राट गेल्यावर क्योटोने गिओनचीच रीत उचलली.

१३/
या कथेचे गोडवे गाताना एक बाजू झाकू नये. आळीचा उत्सव म्हणजे सर्वांचा उत्सव नव्हे. दीर्घकाळ स्त्रियांना होकोवर चढण्यास मनाई होती. अलीकडच्या दशकांत काही आळ्यांनी ती सैल केली. काहींनी आजही केलेली नाही. परंपरा ज्यांच्या हाती असते, तिच्या सीमाही तेच आखतात.

१४/
२०२० आणि २०२१ मध्ये रथांची मिरवणूक रद्द झाली. साथ घालवण्यासाठी जन्मलेला उत्सव साथीनेच थांबवला. तरीही २०२१ मध्ये काही आळ्यांनी रथ उभारले, कारण खिळे न वापरता दोरांनी सांगाडा बांधण्याचे कसब हातांतून हातांतच जाते. दोन-तीन वर्षांचा खंडही त्याला सोसत नाही. २०२२ मध्ये मिरवणूक पुन्हा निघाली.

१५/
आज १७ जुलैला २३ आणि २४ जुलैला ११, असे ३४ रथ निघतात. २००९ पासून ते युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहेत. मोठ्या होकोची उंची सुमारे २५ मीटर, वजन १२ टनांच्या घरात. त्याची चाके वळत नाहीत. म्हणून चौकात ओल्या बांबूच्या कामट्या अंथरून डझनावारी माणसे दोर ओढतात आणि अख्खा रथ टप्प्याटप्प्याने काटकोनात फिरवतात. १५०० साली मिरवणूक परत कशी आली, याचे उत्तर त्या दोराला लागलेल्या हातांत आहे.

(थ्रेड समाप्त)