सीताबर्डीचा काळा पाषाण आणि समुद्रतळाचा नकाशा

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मग इथे बसून समुद्रतळाबद्दल का बोलायचं? कारण सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या पाषाणाची आहे, त्याची पुढची हकीकत समुद्राखाली लिहिलेली आहे. ती वाचायला माणसाला किती वेळ लागला, ते आज आपण पाहू.

पूर्वी दोरीला शिसं बांधून खोली मोजत. पुढे प्रतिध्वनीचं यंत्र आलं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. म्हणजे ४ सेकंदांनी तो परत आला, तर तळ ३००० मीटरवर. हिशेब इतका साधा.

हे यंत्र घेऊन १९३३-३४ मध्ये 'माबाहिस' हे इजिप्तचं जहाज अरबी समुद्रात फिरलं. मोहिमेचे प्रमुख होते सेमूर सेवेल. त्यांना कार्ल्सबर्ग या बुडालेल्या डोंगररांगेच्या माथ्यावर, रांगेच्याच दिशेनं जाणारी खोल दरी आढळली. वाइजमन आणि सेवेल यांनी १९३७ मध्ये तिची तुलना पूर्व आफ्रिकेतल्या खचदरीशी केली. तुलना नेमकी होती. पण दरी तिथे का, हे नुसत्या खोलीच्या आकड्यांवरून कळेना.

१९६२ मध्ये 'ओवेन' या ब्रिटिश जहाजानं त्याच रांगेवर खोलीबरोबर चुंबकत्वही मोजलं. त्या नोंदींवरून व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये अर्थ लावला: इथे नवा तळ जन्मतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो.

आता नकाशावरची दुसरी रेघ बघा. लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी एक रांग सरळ दक्षिणेला उतरते. पण एका रेषेत दिसतं म्हणून नातं सिद्ध होत नाही. खडकाचं वय लागतं. १९८७ मध्ये तळाला छिद्रं पाडून नमुने काढले. मालदीवजवळचा खडक सुमारे ५.७ कोटी वर्षांचा निघाला, चागोसचा ४.९ कोटी, त्याहून दक्षिणेला मॅस्करीन पठारावरचा ३.३ कोटी. आपला दख्खनचा पाषाण ६.६ कोटींचा. आणि या माळेच्या टोकाला, रियुनियन बेटावर, ज्वालामुखी आजही जागा आहे. पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून आपली भूमी उत्तरेला सरकत आली, तिचा हा माग.

चागोस आणि मॅस्करीन यांच्यामध्ये मात्र ही माळ तुटते. का? कार्ल्सबर्गचीच दक्षिणेकडची रांग तिथून जाते. तिनं नवा तळ घालून माळेचे दोन तुकडे दूर लोटले.

म्हणून आम्ही म्हणतो, समुद्रतळाचा नकाशा हाती आला की काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं. आकार प्रश्न विचारतो. उत्तर खडकाला विचारावं लागतं. त्यातला एक खडक तर आपल्या रोजच्या रस्त्यावरच आहे.