शांपूचें मूळ

शांपू हा शब्द हिंदींतील ‘चांपो’, म्हणजे ‘चेपा’, यावरून आलेला आहे. पाटण्याचा शेख दीन महंमद कंपनीची फौज सोडून विलायतेस गेला. लंडनांत खाणावळ काढून १८१२ सालीं त्याचें दिवाळें निघालें, तेव्हां ब्रायटनच्या समुद्रकांठीं त्यानें औषधी वाफारा व अंगमर्दन सुरू केलें. रोगी फलालीनच्या तंबूंत बसे; मर्दन करणारा तंबूच्या बाह्यांतून हात आंत घालून त्याचें अंग रगडी. आरंभीं लोक हंसले. पुढें रोग्यांनीं टाकलेल्या कुबड्या भिंतीवर टांगल्या गेल्या. (जाहिरातीची कलाहि त्यास अवगत होती!) संधिवात समूळ जाई, असें आम्ही म्हणणार नाहीं, शेकानें व चोळण्यानें आंखडलेले स्नायु सैल होतात, दुखणें कांहीं काळ हलकें होतें, एवढें खरें. चौथ्या जॉर्जनें त्यास आपला ‘शांपू-सर्जन’ नेमलें. हीच विद्या जाणणाऱ्या आमच्या नाव्ह्यास मात्र आम्हीं सुशिक्षितांनीं कधीं वैद्याशेजारीं बसविलें नाहीं. शांपूस केस धुण्याचा अर्थ चिकटला तो मागाहून.