बीडचा गुलमोहर मुळात कुठला?

मे महिना. बालाघाटाचे माळ करपलेले, विहिरींचे तळ उघडे पडलेले आणि बीड जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या अंगणात एकच झाड लालभडक फुललेले. गुलमोहर इतका आपला झाला आहे, की तो परका असल्याचे सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही. आजचा थ्रेड त्याच्याविषयी.

हे झाड मादागास्करचे. बोहेमियात जन्मलेला वनस्पतिशास्त्रज्ञ वेन्सेस्लास बोयर याला ते १८२०च्या दशकात त्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आढळले. १८२९ मध्ये त्याचे वर्णन छापले गेले. भारतात ते १८४०च्या सुमारास मुंबईत शिवडीला दिसल्याचे सांगतात. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते.

नावाची गंमत पाहा. ‘गुल’ फारसी, म्हणजे फूल. ‘मोहर’ म्हटले की आपल्याला आंबा आठवतो; इंग्रजांनी मात्र त्यात सोन्याची मोहर वाचली.

ओळखायचे कसे? फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी चार लाल किंवा केशरी असतात. पाचवी ताठ उभी, पांढरट-पिवळी आणि तिच्यावर लाल ठिपके व रेषा. प्रत्येक पाकळीचा देठाकडचा भाग नखासारखा निमुळता असतो. १८३७ मध्ये राफिनेस्कने दिलेल्या ‘डेलॉनिक्स’ या नावात हेच नख आहे. ज्याच्याशी गल्लत होते तो संकासूर झुडूपवजा, काटेरी असतो आणि त्याचे पुंकेसर फुलाबाहेर लांब झेपावतात. गुलमोहराच्या चपट्या शेंगा हात-दीड हात लांब. त्यांच्या तलवारी करून कोण लढले नाही?

त्याच्यावरचे आक्षेप खोटे नाहीत. मुळे उथळ, फांद्या ठिसूळ. वळिवाच्या वाऱ्यात तो मोडतो. बीडजवळ पालवणच्या सह्याद्री देवराईत फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदाचा मान वडाला मिळाला. नवी लागवड करायची तर पळस, पांगारा, बहावाच लावावा, असे मलाही वाटते. पण परका म्हणून उभ्या गुलमोहरावर कुऱ्हाड चालवण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी.

त्याचे मूळ रान मादागास्करच्या पश्चिमेकडील व उत्तरेकडील पानगळीच्या जंगलात आहे. तिथेही कित्येक महिने पाऊस नसतो. दक्षिण गोलार्धात तो नोव्हेंबर-डिसेंबरात, पावसाच्या तोंडावर फुलतो. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो, म्हणून इथे त्याने आपला बहर एप्रिल-मेवर आणला.