बाबासाहेबांची डॉक्टरेट

डॉ. आंबेडकर असे आपण सहज म्हणतो; त्या ‘डॉक्टर’मागची वर्षे मात्र मोजत नाही.

सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र शाखेत दाखल झाले. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र हे सारे त्या शाखेतच येई. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले, १९१६ मध्ये प्रबंध सादर केला, तरी पीएच. डी. हाती पडली नाही. प्रबंध छापून प्रती दाखल केल्याखेरीज पदवी नाही, असा तेथला दंडक होता. छपाई म्हणजे पदरचा खर्च. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली. बडोद्यास नोकरीवर गेले, तर जातीमुळे राहायला जागा मिळेना. लंडनची डी. एससी. १९२३ मध्ये मिळाली, कोलंबियाची राहिलीच होती. अखेर १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग यांनी ग्रंथ छापला. १८३३ पासून १९२१ पर्यंत मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात महसूल कसा वाटला गेला, हा त्याचा विषय. रुक्ष खरा, परंतु तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला, हा राज्यशास्त्राचा मूळ प्रश्नच नव्हे काय?

८ जून १९२७ रोजी पदवी मिळाली. महाडच्या तळ्याचे पाणी प्यायल्यास तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

पुढचा प्रसंग आपल्या गावचा. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक काळाराम मंदिरापाशी आली, तेव्हा आपल्या वाडवडिलांनी दरवाजे लावून घेतले होते. दादासाहेब गायकवाडांनी सत्याग्रह नेटाने चालवला. दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवल्यास, हिंदू म्हणून आपण मरणार नाही, असे बाबासाहेबांनी जाहीर केले.