अभय कुणाला? यशयाचा शब्द आणि यरुशलेमचे दोन वेढे

मागच्या भागात आपण समरियाचा पाडाव पाहिला. इसवी सन पूर्व 722 च्या सुमाराला अश्शूरी फौजांनी उत्तरेचं इस्राएल राज्य पुसून टाकलं आणि दक्षिणेला यहूदाचं छोटं डोंगरी राज्य तेवढं उरलं. त्याची राजधानी यरुशलेम. आज या शहराला पडलेले दोन वेढे पाहायचे आहेत. दोन्ही वेळा लोकांच्या मनात एकच आशा होती, की देव हे शहर राखील. पहिल्या वेळी शहर वाचलं, दुसऱ्या वेळी जळून खाक झालं. मग यशया संदेष्ट्यानं दिलेल्या अभयाचा अर्थ काय लावायचा?

नावांबद्दल एक खुलासा. आपण मराठी बायबलातली रूपं वापरणार आहोत: यशया, यिर्मया, हिज्कीया, सन्हेरीब. आयझाया, जेरेमाया म्हणून ऐकलेली माणसं ती हीच.

तर, इ.स.पू. 705. अश्शूरचा राजा सार्गोन लढाईत मारला गेला आणि त्याचा मुलगा सन्हेरीब गादीवर आला. जबरदस्त राजा गेला की मांडलिक डोकं वर काढतात, तसं झालं. यहूदाच्या हिज्कीया राजानं खंडणी थांबवली. आता फौज येणार हे त्याला कळत होतं, म्हणून तयारी सुरू झाली. 1970 च्या दशकात यरुशलेममध्ये नाहमान आविगाद या पुरातत्त्वज्ञाला एक तट सापडला, त्याची रुंदी सुमारे 7 मीटर! शहराचा मुख्य झरा तटाबाहेर होता. त्याचं पाणी आत आणायला खडकातून 533 मीटर लांबीचा बोगदा खोदला. दोन टोकांनी खोदत आलेले कामगार मध्ये कसे भेटले, हे सांगणारा शिलालेख 1880 मध्ये मिळाला. तो आज इस्तंबूलला आहे. बहुतेक अभ्यासक हा बोगदा हिज्कीयाचाच मानतात.

या सगळ्या धामधुमीत यशया काय म्हणत होता? तर तो चक्क रागावलेला होता. घरं पाडून तटाला दगड लावताय, पाणी साठवताय, पण ज्यानं हे सगळं घडवलं त्याच्याकडे मान वर करून पाहत नाही, असा त्याचा सूर. मिसरच्या घोड्यांवर आणि रथांवर भरवसा ठेवणाऱ्यांना तर त्यानं धारेवर धरलं. एका ठिकाणी तो असंही सुचवतो की या शहराला वेढा घालणारा खुद्द देवच आहे. म्हणजे यशया हा राजाला गोड वाटेल ते सांगणारा भाट नव्हता. त्याचं अभय ऐकताना आधीची ही सगळी खरडपट्टी लक्षात ठेवायला हवी.

इ.स.पू. 701 मध्ये सन्हेरीब आला. यरुशलेमच्या नैऋत्येला लाखीश नावाचं मोठं तटबंदीचं शहर होतं. अश्शूरी सैन्यानं दगडमातीचा उंच चढ रचून ते घेतलं. तो चढ आजही तिथं दिसतो. सन्हेरीबानं या विजयाची चित्रं निनवे इथल्या राजवाड्यात दगडावर कोरून घेतली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत बैलगाडीवर सामान लादून निघालेली कुटुंबं दिसतात, बायका-मुलं दिसतात, हाल करून मारलेली माणसंही दिसतात.

सन्हेरीबाची बाजू सांगणारी मातीची सहा बाजूंची वीटही म्युझियममध्ये आहे. यहूदाची 46 तटबंदी शहरं घेतली, 2,00,150 माणसं धरून नेली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडून टाकलं, असा त्याचा दावा आहे. राजे आकडे फुगवतात, हे धरूनच चालायचं. पण खंडणीचा तपशील गंमतशीर आहे. वीट म्हणते सोनं 30 किक्कार आणि चांदी 800. बायबल म्हणतं सोनं 30, चांदी 300. किक्कार म्हणजे अंदाजे 30 किलो. चांदीवर मतभेद, पण सोन्याचा आकडा दोन शत्रूंच्या दप्तरात सारखाच!

बायबलात पुढचा प्रसंग मोठा नाट्यमय आहे. अश्शूरचा सरदार, रब्शाके, तटाखाली उभा राहून ओरडतो. हिज्कीयाचे कारभारी विनवतात, की बाबा, अरामी भाषेत बोल, आम्हाला ती कळते. पण तो मुद्दाम लोकांच्या भाषेतच बोलतो, म्हणजे तटावर बसलेल्या साध्या शिपायालाही ऐकू जाईल. आणि म्हणतो काय? तुमच्या देवानंच मला इकडे पाठवलंय! बघा, देव कुणाच्या बाजूनं आहे याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावला जात होता.

आता यशयाचं उत्तर. ते नीट वाचलं तर फार मोजकं आहे. हा राजा या शहरात शिरणार नाही, इथं बाण मारणार नाही, तटाला चढ रचणार नाही, आल्या वाटेनं परत जाईल; आणि हे देव आपल्या स्वतःसाठी आणि दाविदासाठी करील. बस, एवढंच. एक राजा, एक शहर, एक मोहीम. पुढच्या सगळ्या राजांबद्दल त्यात अक्षर नाही.

सन्हेरीब परत गेला, हे खरं. का गेला? बायबल सांगतं की एका रात्रीत देवदूतानं छावणीतले 1,85,000 मारले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस मिसरच्या सीमेवरची वेगळीच कथा सांगतो: उंदरांनी सन्हेरीबाच्या सैन्याचे भाते आणि धनुष्याच्या दोऱ्या कुरतडल्या. काही अभ्यासकांना इथं रोगाची साथ दिसते. काही म्हणतात, खंडणी मिळाली, काम झालं. पण सन्हेरीबाची वीटही यरुशलेम जिंकलं असं म्हणत नाही. शहर पडलं नाही आणि हिज्कीया गादीवर राहिला, इतकं पक्कं.

पण लाखीशचं काय? त्या गाडीवर बसून निघालेल्या बाईला अभय कुठं मिळालं? यशयाच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात याची जाणीव आहे. देश उजाड झालाय, गावं जळालीत आणि सियोन उरलंय ते काकडीच्या मळ्यातल्या खोपीसारखं, असं तिथं वर्णन येतं. बरेच अभ्यासक ते 701 च्या मोहिमेशी जोडतात. पीक गेलं, खोप उरली. या सुटकेला विजयोत्सव म्हणायला जीभ रेटत नाही.

पुढच्या शंभर वर्षांत लोक मळा विसरले, खोप तेवढी लक्षात राहिली. इथं देवाचं मंदिर आहे, तेव्हा हे शहर पडूच शकत नाही, अशी समजूत घट्ट झाली. यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून म्हणाला, मंदिर मंदिर म्हणून जप करू नका; परक्याला, अनाथाला, विधवेला छळू नका, मग इथं राहाल. लोक त्याला मारायलाच उठले. तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी आठवण दिली: मीखा संदेष्ट्यानंही सियोन नांगरलं जाईल असं सांगितलं होतं, तरी हिज्कीयानं त्याला मारलं नाही, उलट तो देवाला भ्याला, आणि आलेलं अरिष्ट टळलं. म्हणजे त्यांच्या हिशेबी शहर वाचलं ते राजानं ऐकलं म्हणून.

इ.स.पू. 588 च्या सुमाराला बाबेलच्या नबुखद्नेस्सराचा वेढा पडला. सिद्कीया राजानं यिर्मयाकडे निरोप पाठवला: देव पूर्वीसारखा चमत्कार करील का? 'पूर्वीसारखा' म्हणजे कशासारखा, हे वेगळं सांगायला नको. यिर्मयाचं उत्तर: या वेळी देव तुमच्याविरुद्ध लढेल.

या वेढ्यातली एक घटना मला सगळ्यात बोलकी वाटते. संकट आल्यावर राजानं आणि सरदारांनी करार करून आपले हिब्रू गुलाम मोकळे केले. मग मिसरची फौज निघाल्याची बातमी आली आणि बाबेलच्या सैन्यानं वेढा उठवला. अगदी 701 सारखंच! आणि या लोकांनी काय केलं? सोडलेले गुलाम पुन्हा धरून आणले. यिर्मयानं बजावलं, की बाबेलवाले परत येतील. ते आले.

लाखीशच्या उत्खननात 1935 मध्ये त्याच काळातली शाईनं लिहिलेली खापरं सापडली. एकात कुणी अधिकारी कळवतोय, की आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांकडे डोळे लावून आहोत, अजेका दिसत नाही. इ.स.पू. 587 किंवा 586 मध्ये यरुशलेमचा तट फुटला आणि मंदिर जळालं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. अभयाचं भाकीत वाचताना ते खरं ठरलं का, या प्रश्नाच्या आधी दोन गोष्टी विचाराव्या: ते कधी आणि कुणाला सांगितलं? आणि ऐकणाऱ्याकडून काय मागितलं? हिज्कीयाच्या काळी त्या शब्दानं घाबरलेल्यांना धीर दिला. सिद्कीयाच्या काळी त्याच आशेनं गुलाम पुन्हा बेडीत गेले. इसवी सन 70 मध्ये रोमन वेढ्यातही हेच झालं. मंदिरात जा, तिथं सुटकेची चिन्हं दिसतील, असं कुणीतरी सांगितलं, आणि तिथं जमलेली सुमारे 6,000 माणसं आगीत मेली, असं इतिहासकार जोसेफस लिहितो.

हद्दपारीतून तगलेल्या यहुद्यांनी मात्र एक शहाणपण केलं. अभय देणारा यशया ठेवला, ते नाकारणारा यिर्मयाही ठेवला, दोघं एकाच संग्रहात. एकट्या यशयाला हाताशी धरून आजच्या एखाद्या युद्धाचं भविष्य कुणी सांगू लागलं, तर शेजारचा यिर्मया उघडून बघा.

पुढच्या भागात बाबेलच्या कालव्यांकाठी, हद्दपार झालेल्यांच्या वस्तीत जाऊ. तोवर नमस्कार.